बाबांची जुनी हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजतेय, आतला डेटा कसा काढू?

खणभागची | शुक्रवार, रात्री १०:५२

मदत हवीय आणि जरा घाईत हवीय. बाबांचं सांगलीत डीटीपीचं दुकान होतं, २०१६ ला बंद केलं, पण त्यातला एक कॉम्प्युटर घरी आणून ठेवलाय. विंडोज ७, ५०० जीबीची डिस्क. बाबा त्यावर रोज सकाळी पत्ते खेळतात आणि कधीमधी सोसायटीची नोटीस टाईप करतात. गेले काही आठवडे तो चालू व्हायला पंधरा-वीस मिनिटं घेतोय, मधेच गोठतो आणि आतून टक... टक... असा आवाज येतो. सारखा नाही, एखादं फोल्डर उघडायला गेलं की. आज मी पुण्याहून आले तर स्क्रीनवर विंडोजचा मेसेज, हार्ड डिस्कमध्ये प्रॉब्लेम आहे, ताबडतोब बॅकअप घ्या. बाबा म्हणाले, तो महिनाभर येतोय, मी कॅन्सल करतो.

पत्ते गेले तर गेले. पण त्या डिस्कवर आजोबांच्या वह्या आहेत. आजोबा हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते, १९४३ पासून रोज रात्री मोडीत दोन-चार ओळी लिहायचे. आज काय भाव फुटला, कोण वारलं, कृष्णेला पाणी किती चढलं. बाबांनी एका मोडी वाचणाऱ्या काकांना शेजारी बसवून दोन वर्षं ते सगळं देवनागरीत टाईप केलं, पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये लावलं, पुस्तक काढायचं होतं ते राहिलंच. मूळ वह्या २०१९ च्या पुरात गेल्या. कॉम्प्युटर तेवढा बाबांनी वरच्या मजल्यावर नेला होता, वह्या खालच्या कपाटात राहिल्या. (हा विषय आमच्या घरात काढायचा नसतो.)

आत्ता पेनड्राईव्ह लावून फोल्डर कॉपी करायला घेतलंय, एक तास झाला, ३ टक्क्यांवर अडकलंय आणि टकटक वाढलीय. काय करू?

धडपड्या | शुक्रवार, रात्री ११:०५

सोप्पंय. विंडोजमधलं डिस्क तपासायचं चेकडिस्क मार, स्लॅश आर लावून. रात्रभर चालू ठेव, बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या खराब जागा, रिपेअर होतात. माझी डिस्क अशीच सुधारली होती. आणि नाहीच झालं तर डिस्क काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव, सकाळी लावली की तासभर चालते, तेवढ्यात कॉपी करून घ्यायचं. जुना जालीम उपाय आहे.

बिघाडनाथ | शुक्रवार, रात्री ११:११

ताई, आधी ती कॉपी कॅन्सल करा आणि कॉम्प्युटर बंद करा. मग पुढचं वाचा.

खणभागची | शुक्रवार, रात्री ११:१४

केला. बंदच होत नव्हता, शेवटी बटण दाबून धरलं. चूक केली का?

बिघाडनाथ | शुक्रवार, रात्री ११:३८

नाही, बरोबर केलंत. बंद असलेली डिस्क आणखी बिघडत नाही, चालू असलेली दर मिनिटाला बिघडू शकते. आता झोपा, डेटा कुठे जात नाही.

धडपड्या, चेकडिस्क हे डिस्क वाचवायचं हत्यार नाही रे, ते फाईल सिस्टीम, म्हणजे कुठली फाईल कुठे आहे याच्या नोंदी, सरळ करायचं हत्यार आहे. स्लॅश आर दिलं की ते अख्खी डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचत बसतं, म्हणजे मरणाऱ्या माणसाला सिंहगड चढायला लावायचं, आणि वर जे वाचता आलं नाही त्याच्या नोंदी इकडे तिकडे करून त्याच डिस्कवर लिहितं. चांगल्या डिस्कवर लाईट जाऊन गोंधळ झाला असेल तर जरूर चालवा. सेक्टरच मरत असतील तर अजिबात नाही. तुझी सुधारली ती मुळात आजारी नसावी.

फ्रीजरचं तर नावच काढू नका. बाहेर काढल्यावर थंड डिस्कवर दव धरतं, आणि सांगलीच्या हवेत तर धरणारच. आत डेटा वाचणारं हेड फिरत्या तबकडीवर काही नॅनोमीटर उंचीवरून उडत असतं, माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड. तिथे पाण्याचा थेंब म्हणजे विषय संपला. फार जुन्या डिस्कांच्या काळातली युक्ती आहे, तेव्हाही दहातल्या नऊ वेळा नशिबावरच चालायची.

सानिकाचे_आप्पा | शनिवार, सकाळी ६:२०

न्यू जर्सीहून लिहितोय त्यामुळे तुमची सकाळ ती माझी संध्याकाळ. बिघाडनाथांशी सहमत, फक्त एक विचारतो, हे काम घरी करायचं की लॅबमध्ये पाठवायचं हे आधी ठरायला नको का? माझ्या मित्राची बाहेरची डिस्क टेबलावरून पडली, त्याने चार दिवस घरीच खटपट केली, मग लॅबला दिली तर त्यांनी उघडून फोटो पाठवला, तबकडीवर गोल ओरखडा, वरचा थर खरवडून निघालेला. तो थर म्हणजेच डेटा होता. काहीही निघालं नाही.

बिघाडनाथ | शनिवार, सकाळी ९:०२

आप्पा, मुद्द्याचं बोललात. माझा ठोकताळा सांगतो, पंधरा वर्षं ठाण्यात हेच करतोय.

डिस्क पडली असेल, भिजली असेल, चालू केल्यावर सारखी तालात टक टक टक टक करत असेल, किंवा बारीक कुई कुई वाजून फिरतच नसेल, तर घरी हात लावायचा नाही. तालात टकटक म्हणजे हेडला आपण कुठे आहोत ते सापडत नाहीये, ते परत परत मागे जाऊन सुरुवात करतंय. कुई म्हणजे मोटर जोर लावतेय पण हेड तबकडीला चिकटलंय. दोन्हीला धूळमुक्त स्वच्छ खोली लागते, आणि बहुतेकदा सुटे भाग काढायला त्याच मॉडेलची दाता डिस्कही. यूट्यूब बघून झाकण उघडायचं नाही, आणि गल्लीतल्या दुकानदाराने "बघतो उघडून" म्हटलं तर डिस्क उचलून चालायला लागायचं.

डिस्क बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर) बरोबर नावाने, बरोबर साईजने दिसत असेल, फिरत असेल, फक्त काही ठिकाणी अडखळत असेल, तर घरी एकदा प्रयत्न करण्यासारखा असतो. एकदाच. ताईंची केस यातली वाटतेय पण खात्री करू. आणि ताई, वह्या तुम्हाला कितीच्या आहेत हे तुम्हीच ठरवा. पन्नास हजार द्यायची तयारी असेल तर घरी काहीच न करता थेट चांगल्या लॅबला देणं हा सगळ्यात सुरक्षित रस्ता आहे, हे मी स्वतःच्या धंद्याविरुद्ध बोलतोय.

खणभागची | शनिवार, सकाळी १०:४०

बाबांना पन्नास हजार म्हटल्यावर म्हणाले, त्यात नवीन कॉम्प्युटर येईल. मी म्हटलं नवीन कॉम्प्युटरमध्ये आजोबा येणार आहेत का. सध्या अबोला आहे.

पडलेली नाही, भिजलेली नाही. टकटक तालात नाही. मागे एकदा भाच्याने डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाकलं होतं त्याचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये सापडला, दहा दिवसांपूर्वीचा. पिवळा चौकोन, कॉशन. ०५ समोर बारा आकडी नंबर, शेवटी २डी. सी५ समोर शेवटी ९८. सी७ समोर सगळे शून्य. म्हणजे ९८ सेक्टर खराब?

लिनक्सवाली_मावशी | शनिवार, सकाळी ११:१५

अगं नाही, तो आकडा हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पायावर मोजलेला असतो, त्या प्रोग्रॅमची तशी सवयच आहे. ९८ म्हणजे १५२, आणि २डी म्हणजे ४५. ०५ म्हणजे डिस्कने स्वतःहून बाद करून राखीव जागेत हलवलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता आले नाहीत पण अजून बाद ठरवलेले नाहीत, लटकलेले. आपल्याला दुखणारा आकडा सी५, कारण त्या जागांवरचा डेटा आत्ता मिळत नाहीये. सी७ शून्य आहे हे बरं, तो चढला असता तर आधी केबल बदलून बघ म्हटलं असतं, कित्येकदा डिस्क मदरबोर्डला जोडणारी शंभर रुपयांची साटा केबल बदलली की "मेलेली" डिस्क उठून बसते.

१५२ काही फार नाहीत. दहा दिवसांत वाढले असतील, पण घरी जमेल असं वाटतं. बिघाडनाथ?

बिघाडनाथ | शनिवार, सकाळी ११:३०

जमेल. मावशी, तुम्ही सांगा, मी गिऱ्हाईकात आहे.

लिनक्सवाली_मावशी | शनिवार, दुपारी १२:५०

बरं. नीट वाच, घाई करू नकोस.

मुख्य गोष्ट ही की फाईली कॉपी करायच्याच नाहीत. विंडोजमध्ये फोल्डर कॉपी करताना एक सेक्टर अडला की विंडोज तिथेच डोकं आपटत बसतं, डिस्कही तिच्या परीने परत परत प्रयत्न करते, आणि त्यातच ती मरते. आपण अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे एका फाईलीत जशीच्या तशी नक्कल, काढायची, जी जागा अडते ती सोडून पुढे जायचं, सहज येणारं सगळं आधी पदरात पाडायचं आणि अडलेल्या जागांकडे शेवटी परत यायचं. हे जीएनयू डीडीरेस्क्यू करतं, फुकट आहे. उबुंटू या फुकटच्या लिनक्समध्ये त्याच्या पॅकेजचं नाव आहे जीडीडीरेस्क्यू, पुढचा जी विसरू नकोस. डीडी अंडरस्कोअर रेस्क्यू नावाचा दुसराच एक प्रोग्रॅम आहे, नावं सारखी म्हणून लोक फसतात.

एक नवी १ टीबीची डिस्क आण. ती एफएटी३२ फॉरमॅटची नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही, आणि आपली फाईल ५०० जीबीची होणार आहे. भाच्याच्या लॅपटॉपवर उबुंटूचा पेनड्राईव्ह बनव. बाबांच्या कॉम्प्युटरवर त्या पेनड्राईव्हवरून बूट कर, विंडोज चालूच होऊ द्यायचं नाही. जुनी डिस्क आहे तिथे साटा केबलवरच राहू दे, यूएसबीच्या डबीत घालू नकोस, त्या डब्या एरर आली की कित्येकदा पूर्ण डिस्कच गायब करतात. डेस्कटॉपवर जुनी डिस्क दिसली तर क्लिक करून उघडायची नाही, मोह आवर.

मग कमांड. इथे देवनागरीत लिहिली तर तू तशीच चिकटवशील म्हणून लिहीत नाही, मॅन्युअलमध्ये उदाहरणं आहेत. क्रम मात्र पाठ कर, आधी जुनी, मग नवी, मग मॅपफाईल. उलट झालं तर नव्या डिस्कचा कोरेपणा आजोबांवर लिहिला जाईल. नावावर भरवसा नको, साईज आणि सीरियल नंबर स्टिकरवरून जुळव. पहिल्या फेरीत कमांडला एन हा पर्याय लाव, म्हणजे अडेल ती जागा खरवडत बसत नाही.

आणि मॅपफाईल, म्हणजे काय आलं काय राहिलं याची वही, ती नव्या डिस्कवरच ठेव. पेनड्राईव्हवरून चालणाऱ्या उबुंटूचं होम फोल्डर रॅममध्ये असतं. लाईट गेली की वही गेली, सगळं पहिल्यापासून.

धडपड्या | शनिवार, दुपारी १:१५

एवढा व्याप? रिकव्हरी सॉफ्टवेअर मिळतात की, क्लिक क्लिक केलं की झालं.

बिघाडनाथ | शनिवार, दुपारी २:०५

ती सॉफ्टवेअर चांगलीच असतात, पण ती प्रतिमेवर चालवायची, आजारी डिस्कवर नाही. टेस्टडिस्क, फोटोरेक, विकतची, काय हवं ते चालव, प्रतिमा शंभरदा वाचली तरी झिजत नाही. तू चूक औषध सांगत नाहीयेस, ऑपरेशनच्या आधी देतोयस.

खणभागची | शनिवार, रात्री ९:३०

डिस्क आणली. बाबांनी स्वतः जाऊन आणली, अबोला संपला. त्यांनी दुकानात अर्धा तास घासाघीस केली ते वेगळं.

सुरू केलंय. सीरियल नंबर तीनदा वाचला, बाबांनी चष्मा लावून चौथ्यांदा. सुरुवातीला ९० एमबी सेकंदाला असं पळतंय. टकटक नाही! कॅबिनेट उघडून समोर टेबलफॅन लावलाय.

सानिकाचे_आप्पा | शनिवार, रात्री १०:१०

९० ने गेलं तर ५०० जीबीला दीडेक तास. पण ते तसं जाणार नाही, तयारी ठेवा.

खणभागची | रविवार, सकाळी ७:४५

नाहीच गेलं आप्पा. साधारण ६० टक्क्यांना पोचल्यावर स्पीड पडला, मग काही केबींवर आला, मग उडी मारून पुढे गेला, परत पळाला. सगळी रात्र असंच. मी आणि बाबा दोन वाजेपर्यंत स्क्रीनकडे बघत बसलो होतो, वर्ल्डकपच्या शेवटच्या ओव्हरला पण एवढे गप्प नव्हतो. आत्ता ९९.८ टक्के आलेत. टकटक दोनदा झाली.

आणि पहाटे साडेचारला लाईट गेली. इन्व्हर्टरवर फक्त पंखे आणि दिवे आहेत. मावशी, तुम्हाला साष्टांग, मॅपफाईल नव्या डिस्कवर होती, तीच कमांड परत दिली आणि जिथे थांबलं होतं तिथूनच सुरू झालं.

लिनक्सवाली_मावशी | रविवार, सकाळी ८:३०

शाब्बास. आता एन काढून तीच कमांड दे, आता ते राहिलेल्या जागा एकेक सेक्टर खरवडेल. मग आर ३, म्हणजे तीनदा प्रयत्न. यात डिस्क मेली तरी ९९.८ तुझ्या खिशात आहेत, आता घाबरायचं कारण नाही.

टंकाळलेला | रविवार, सकाळी १०:२०

धागा वाचत होतो, आता राहवेना. मी सोलापूरला वीस वर्षं डीटीपी केलंय. ताई, फाईली मिळाल्या की आनंदाने फक्त वह्यांचं फोल्डर उचलून पळू नका! पेजमेकरच्या फाईली म्हणजे नावाच्या शेवटी पी६५ किंवा पीएमडी. आतला मजकूर युनिकोड (आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) नाही, फाँटशिवाय उघडलात तर सगळं इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. बाबा कुठले मराठी फाँट वापरायचे, श्रीलिपी?

खणभागची | रविवार, सकाळी १०:३५

हो, श्रीलिपीच. बाबा म्हणतात ०७०८. मी विचारलं हा काय पासवर्ड आहे का.

टंकाळलेला | रविवार, सकाळी ११:००

हाहा, फाँटचा नंबर आहे तो, अख्ख्या महाराष्ट्राच्या लग्नपत्रिका त्याच घराण्यातल्या आहेत. मग विंडोजच्या फोल्डरमधलं फाँट्सचं फोल्डर पूर्ण उचला, आणि श्रीलिपीचं इन्स्टॉलेशनचं फोल्डर पण. लोक डेटा वाचवतात आणि फाँट फॉरमॅट करतात, मग पाच वर्षांनी मला फोन करतात. पेजमेकर स्वतः कधीच बंद पडलंय, ७ नंतर आलंच नाही. त्याच्या जागी आलेलं इनडिझाईन सीएस६ पर्यंत त्या फाईली उघडायचं, पुढच्या सीसीमध्ये ते काढून टाकलं. पैसे घालवायचे नसतील तर लिब्रेऑफिस ४.४ पासून पेजमेकर उघडतं, मांडणी थोडी हलते पण मजकूर येतो.

खणभागची | रविवार, संध्याकाळी ६:५०

संपलं. ५०० जीबीतले ४ एमबीच्या आसपास आलेच नाहीत, बाकी सगळं आलं. जुनी डिस्क काढून ठेवली, बाबांनी तिला फडक्यात गुंडाळून देवघराशेजारच्या कपाटात ठेवलंय, काय म्हणू.

प्रतिमा फक्त वाचण्यासाठी जोडली. "वह्या" फोल्डर आहे, १४ फाईली आहेत. पण त्या चार एमबीत नेमकं काय गेलं हे कसं कळणार? एकेक उघडून बघायची?

लिनक्सवाली_मावशी | रविवार, रात्री ८:१५

त्याला एक गोड युक्ती आहे. डीडीरेस्क्यूमध्ये फिल मोड असतो. मॅपफाईलमध्ये जे सेक्टर "खराब" आहेत तेवढ्याच जागी प्रतिमेत आपल्याला हवा तो शब्द भरायचा, मग सगळ्या फाईलींमध्ये ग्रेप या शोधायच्या कमांडने तो शब्द शोधायचा. ज्यात सापडला ती फाईल फाटलेली. आधी प्रतिमेची आणि मॅपफाईलची दुसरी कॉपी कर, भाच्याच्या डिस्कवर जागा असेल तर. शब्द असा निवड जो कुणी कधी टाईप केलेला नसेल.

खणभागची | सोमवार, रात्री १२:२०

मी "खड्डा" निवडला. इंग्रजी अक्षरात नाही, युनिकोड देवनागरीत. बाबांच्या सगळ्या फाईली श्रीलिपीत, त्यामुळे युनिकोडमधला खड्डा त्यांच्याकडे असणं शक्यच नाही!

अकरा फाईलींत खड्डे निघाले. सात विंडोजच्या, दोन पत्त्यांच्या गेमच्या (बाबा उदास), एक कुणाच्यातरी मुंजीची पत्रिका. आणि एक "वही ९".

बिघाडनाथ | सोमवार, सकाळी ९:४०

चौदातली एक. पहिल्या दिवशी रात्रभर चेकडिस्क चाललं असतं तर काय झालं असतं ते सांगत नाही. वही ९ उघडते का?

खणभागची | सोमवार, रात्री ९:१०

लिब्रेऑफिसमध्ये उघडत नाही, बाकी तेरा उघडल्या. फाँट टाकल्यावर आजोबा समोर आले. ५ ऑगस्ट १९४४, "पाणी आयर्विन पुलास लागले. पेवांची काळजी." (पेवं म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारं.) एवढंच. मी पुढे वाचू शकले नाही थोडा वेळ.

टंकाळलेला | सोमवार, रात्री ९:४५

वही ९ ची फाईल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. बरीचशी चिन्हं दिसतील, पण मधेमधे इंग्रजी अक्षरांचे लांबच लांब पट्टे असतील, तो तुमचा मजकूर. तेवढा पट्टा उचलून वर्डमध्ये टाकायचा आणि ०७०८ फाँट द्यायचा. मी एकदा एका पंचांगाची फाईल अशी काढली होती. खड्ड्यातलं मिळणार नाही, खड्ड्याच्या अलीकडचं पलीकडचं मिळेल.

आणि एक विचारा बाबांना. पुस्तक काढायचं होतं म्हणताय, ऑफसेटला द्यायचं होतं तर ट्रेसिंग, म्हणजे छपाईच्या प्लेटसाठी बटर पेपरवरची प्रिंट, काढलं होतं का?

खणभागची | मंगळवार, रात्री १०:३०

एडिटरची युक्ती चालली! वही ९ मधलं बरंचसं आलं, मधली सहा-सात पानं नाहीत.

ट्रेसिंगचं विचारलं तर बाबा एकदम उठले, काही न बोलता माळ्यावर शिडी लावली. वय ७१. मी खालून ओरडतेय. अर्ध्या तासाने एक लांब पुठ्ठ्याची नळी घेऊन उतरले, आत बटर पेपरची गुंडाळी. पहिल्या दहा वह्यांची ट्रेसिंगं २०१४ मध्येच काढून ठेवली होती म्हणे, प्रेसवाल्याने कागदाचा भाव वाढवला म्हणून राहिलं. कडेने वाळवीने खाल्लंय, पण वही ९ ची पानं मधे होती, ती आहेत. मला मात्र एक अक्षर वाचता येत नाहीये, सगळं उलटं आहे.

टंकाळलेला | मंगळवार, रात्री १०:३८

उलटंच असतं, प्लेटसाठी मिरर काढायचो आम्ही. मागच्या बाजूने धरा, किंवा स्कॅन करून आडवं फ्लिप करा. स्कॅन करताना वरून पांढरा कागद ठेवा, नाहीतर झाकणाची सावली येते. ६०० डीपीआय.

धडपड्या | मंगळवार, रात्री ११:०२

ताई, ती १ टीबीची डिस्क घासाघीस करून बाबांना कितीला पडली? मला पण एक घ्यायचीय.